हिंगणघाटची साडेचार अंगुळं



गेल्या काही वर्षांत आपल्या भागात वावरावावरात सौर पंपाच्या निळ्या प्लेटा दिसू लागल्या. रात्रीच्या लाईनीवर ओलीत करणं, विंचूकाट्यात, सापाकिरड्यात बॅटरी घेऊन फिरणं, हे ज्यानं केलं त्याला दिवसा पाणी मिळण्याची किंमत सांगायला नको. पण प्लेटा बसवताना दोन प्रश्न हमखास येतात. तोंड कुठं करायचं? आणि वाकवायच्या किती? बसवणारी पोरं मोबाईलमध्ये पाहून सांगतात, आपण मान डोलावतो.

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जुन्या पंचांगात एका शब्दात मिळते. तो शब्द म्हणजे पलभा. प्रत्येक गावाची पलभा वेगळी. आपल्या हिंगणघाटची येते साडेचार अंगुळं. आज याच साडेचार अंगुळांचा इतिहास लिहितो. तो एका काठीपासून सुरू होतो, उज्जैनला जातो, आणि फिरून आपल्याच गावातल्या एका कबरीपाशी येतो. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

काठी आणि तिची सावली

सूर्यावरून वेळ सांगणारं सगळ्यात जुनं साधन म्हणजे सपाट जमिनीत सरळ उभी रोवलेली काठी. तिला शंकू म्हणत. शंकूची उंची बारा अंगुळं धरायची आणि सावलीही अंगुळांतच मोजायची, असा रिवाज होता. काठी खरोखर बारा बोटांचीच पाहिजे असं नाही. कितीही लांब घ्या, तिचे बारा भाग करा, एक भाग म्हणजे एक अंगुळ.

ही काठी आधी दिशा सांगते. काठीच्या बुडाभोवती दोरीनं एक गोल काढायचा. सकाळी सावली लांब असते, तिचं टोक गोलाच्या बाहेर. सूर्य चढतो तसं टोक आत सरकते. ज्या जागी ते गोल ओलांडून आत येईल तिथं खूण करायची. दुपारनंतर टोक दुसऱ्या बाजूनं बाहेर जाईल, तिथं दुसरी खूण. दोन्ही खुणा दोरीनं जोडा, ती पूर्व-पश्चिम रेघ. तिला काटकोनात काठीच्या बुडातून रेघ मारा, ती दक्षिणोत्तर. यज्ञाच्या वेदी मांडायला शुल्बसूत्रांच्या काळात हीच रीत वापरत. होकायंत्र लोखंडी सांगाड्याजवळ नेलं की फसते, काठी कुणाच्या लोखंडाला भुलत नाही.

दक्षिणोत्तर रेघेवर सावली आली की त्या जागेची खरी दुपार. दिवसातली सगळ्यात आखूड सावली तीच. मग हीच दुपारची सावली वर्षभर मोजत राहायची. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडं खाली उतरतो, सावली उत्तरेकडं लांबते. उन्हाळ्यात तो डोक्यावर येतो, सावली पायात येते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात याचा हिशेब दिला आहे. आषाढात भर दुपारी सावली नाही. पुढं श्रावणापासून सहा महिने दर महिन्याला दोन अंगुळं वाढते, आणि माघापासून सहा महिने दोन-दोन अंगुळं घटते. म्हणजे पौषात सावली बारा अंगुळं, काठीएवढीच. राजाच्या कचेरीत दिवसाचे भाग पाडायलाही त्या ग्रंथात सावलीचीच मापं सांगितली आहेत.

आता आपल्या गावचे आकडे पहा. बारा अंगुळांच्या काठीची दुपारची सावली २२ डिसेंबरला साधारण ११.६ अंगुळं, जवळपास काठीएवढी. २१ जूनला फक्त ०.६ अंगुळ, आणि तीही दक्षिणेकडं. दोन्ही टोकं कौटिल्याच्या हिशेबाला बऱ्यापैकी जुळतात. मधला भाग जुळत नाही. त्या नियमानं आश्विनात सहा अंगुळं पाहिजे, आपल्याकडं २३ सप्टेंबरला साडेचारच भरतात. कारण सावली दर महिन्याला सारखी वाढत नाही. तो नियम कामापुरता, तोंडपाठ ठेवण्यापुरता होता.

२१ जूनची सावली दक्षिणेकडं का पडते, हे पुष्कळ लोकांच्या ध्यानात नसते. सूर्य दक्षिणेच्या अंगानं जातो असं आपण धरून चालतो. ते दहा महिने खरं आहे. पण २३ मेच्या सुमारास दुपारी तो हिंगणघाटच्या बरोबर डोक्यावर येतो, काठीची सावली दिसेनाशी होते, आणि मग तो आपल्याला ओलांडून उत्तरेला जातो. परत येताना २० जुलैच्या आसपास पुन्हा डोक्यावर. म्हणजे रोहिणी लागायच्या आधीपासून पुष्य लागेपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. पेरणीच्या गडबडीत आणि ढगांत ते कुणाला दिसत नाही एवढंच.

संक्रांतीचंही असंच. सूर्य उत्तरेकडं वळतो तो दिवस म्हणून आपण १४ जानेवारीची संक्रांत करतो. काठीला विचारा, सगळ्यात लांब सावली २२ डिसेंबरच्या सुमारास पडते आणि तिथून घटायला लागते. सुमारे १७०० वर्षांपूर्वी हे दोन्ही दिवस एकच होते. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो, म्हणून नक्षत्रांवर बसवलेला सण आणि सावलीचा दिवस एकमेकांपासून सरकत गेले. रत्नागिरीकडच्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित, पेशानं शाळामास्तर, यांनी १८९६ साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला. असल्या गोष्टी ज्यांना मुळातून समजून घ्यायच्या असतील त्यांनी तो ग्रंथ पाहावा.

पलभा म्हणजे गावाचा पत्ता

वर्षात दोन दिवस, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास, दिवस आणि रात्र सारखी असते. त्या दिवशी सूर्य पृथ्वीच्या मधल्या रेघेवर, विषुववृत्तावर, उभा असतो. तिथं दुपारी काठीला सावली नाही. आपण त्या रेघेच्या जितके उत्तरेला, तितकी आपली सावली लांब. त्या दिवशीची बारा अंगुळी काठीची दुपारची सावली म्हणजे पलभा.

यातली खुबी अशी, की सावली मोजून गाव उत्तरेला किती दूर आहे ते कळते. हिंगणघाट विषुववृत्तापासून सुमारे २० अंश ३३ मिनिटं उत्तरेला आहे. त्याची पलभा ४.५. नागपूर थोडं वर, त्याची ४.६४. उज्जैनची पाचाच्या थोडी वर, ५.१४. आजचा मोबाईल अक्षांश म्हणून जो आकडा दाखवतो, तोच जुना जोशी अंगुळांत सांगत असे. दिवस किती मोठा, लग्नाची घटका कोणती, हे सगळं त्या पलभेवरून काढलं जाई. एका गावचं पंचांग दुसऱ्या गावाला जसंच्या तसं चालत नाही, ते यासाठी.

घटकेचंही सांगून टाकतो. दिवस-रात्रीच्या साठ घटका, एक घटका २४ मिनिटांची. बुडाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका झाली. "घटका भरली" हे आपण माणसाबद्दल म्हणतो ते या वाटीवरूनच आलं. रात्री आणि ढगाळ दिवशी वाटी, उन्हाच्या दिवशी सावली, अशी दोघींची जोडी.

ही विद्या आपल्या मुलखात पिकलेली आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, सिद्धान्तशिरोमणी लिहिला. त्यात यंत्रांवर वेगळा अध्याय आहे आणि त्यात शंकूही आहे. सगळ्या यंत्रांपेक्षा बुद्धीचं यंत्र मोठं, असंही त्यांनी तिथं मांडलं. त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढला. त्याचा १२०७ सालचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण इथं आहे.

काठी वाकवली आणि घड्याळ झालं

उभी काठी दुपार नेमकी सांगते, दिशा सांगते, ऋतू सांगते, गाव सांगते. एका कामात मात्र ती अडते. सकाळचे नऊ वाजले की सावली अमुक रेघेवर, असं तिच्याखाली कायमचं आखून ठेवता येत नाही. जानेवारीत नऊ वाजताची सावली एका दिशेला पडते, मे महिन्यात दुसऱ्याच.

याचं कारण समजायला खळं आठवा. मळणीच्या खळ्यात मधोमध खांब रोवलेला असे, कुठं त्याला तिवडा म्हणतात, कुठं मेढ. बैल त्याच्याभोवती गोल फिरत. बैल खांबाजवळ असो की खळ्याच्या काठाला, पाव फेरा झाला की खांबापासून पाहणाऱ्याला तो पाव फेराच दिसणार. कारण खांब फेऱ्याच्या मधोमध आणि फेऱ्याला सरळ उभा असतो. तोच खांब तिरपा रोवला तर हिशेब बिघडला.

सूर्याचा आकाशातला फेराही असाच, तासाला १५ अंश, २४ तासांत पूर्ण. खरं तर पृथ्वी फिरते, आपल्याला सूर्य फिरताना दिसतो. पण हा फेरा आपल्या जमिनीला सपाट नाही, तो तिरपा आहे. या फेऱ्याचा मधला खांब म्हणजे पृथ्वीचा आस, जो उत्तरेला ध्रुवताऱ्याकडं रोखलेला. आपली उभी काठी त्या फेऱ्याच्या मानानं तिरपी रोवलेल्या तिवड्यासारखी झाली. ती जमिनीत सरळ आहे, पण सूर्याच्या खळ्यात वाकडी आहे.

उपाय सोपा. काठीच ध्रुवाकडं वाकवायची, म्हणजे ती पृथ्वीच्या आसाला समांतर होईल. किती वाकवायची? ध्रुवतारा आपल्या गावातून जमिनीपासून जितका वर दिसतो तितकी, आणि तो दिसतो गावाच्या अक्षांशाएवढा वर. हिंगणघाटला साडेवीस अंश. सुताराच्या भाषेत, आडवी बारा अंगुळं गेली की साडेचार अंगुळं चढ. म्हणजे पुन्हा आपली पलभाच. जी सावली मोजली, तोच चढ झाला.

अशी तिरपी कड केली की सूर्य उन्हाळ्यात उंच असो की हिवाळ्यात खाली, त्या-त्या तासाला सावली त्याच रेघेवर पडते. सूर्यघड्याळाचं सगळं गुपित एवढंच. ज्यांना करून पाहायचं त्यांच्यासाठी हिंगणघाटचा हिशेब देतो. सपाट फळी घ्या, दक्षिणोत्तर रेघ ही दुपारची. तिरपी कड जिथून फळीतून वर निघते, त्या बिंदूपासून दुपारच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना रेघा मारा. एक तासाची रेघ ५.४ अंशांवर, दोन तासांची ११.५, तीनची १९.३, चारची ३१.३, पाचची ५२.६ आणि सहा तासांची ९० अंशांवर. हा हिशेब हिंगणघाट, वर्धा इकडचा. मुंबईला किंवा दिल्लीला नेली तर ही फळी चुकेल.

उज्जैनचा चबुतरा

अठराव्या शतकात जयपूरचा राजा सवाई जयसिंग याला ही तिरपी काठी लहान वाटली. त्यानं ती दगडविटांत बांधली. दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा आणि वाराणसी अशा पाच गावी त्यानं वेधशाळा उभ्या केल्या. तो माळव्याचा सुभेदारही होता, म्हणून उज्जैन. या वेधशाळांतलं मोठं सूर्यघड्याळ म्हणजे सम्राट यंत्र. मधोमध तिरपी भिंत, तिच्यावर जिना, आणि दोन्ही बाजूंना कमानीसारखे वाकलेले दगडी पट्टे ज्यांवर तास-मिनिटं कोरलेली. जयपूरचं यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे, त्यावर दोन सेकंदांपर्यंतच्या खुणा आहेत. तिथं सावली मिनिटाला जवळपास वीतभराच्या चौथ्या हिश्श्याएवढी सरकते, उभ्या उभ्या डोळ्यांना दिसते. जयपूरच्या भिंतीचा चढ २७ अंश, उज्जैनच्या भिंतीचा २३ अंशांच्या किंचित वर. यंत्र एकच, पण प्रत्येक गावाचा चढ त्या गावाचा.

जयसिंगाच्या दरबारात जगन्नाथ सम्राट नावाचा पंडित होता. तो मराठी मुलखातला मानला जातो. त्यानं युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली. पुढं उज्जैन शिंद्यांच्या राज्यात आलं. वेधशाळा पडझड होऊन पडली होती. माधवराव शिंदे यांनी १९२३ साली तिची दुरुस्ती करवली, आणि गोविंद सदाशिव आपटे हे तिचे पहिले अधीक्षक झाले. आजही उज्जैनला गेलं की ते यंत्र चालू दिसते. महाकालाला जाणाऱ्यांनी अर्धा तास तिथंही काढावा.

पण मोठं बांधूनही एक अडचण जात नाही. सूर्य टिंब नाही, तो आकाशात अर्धा अंश रुंद आहे. त्यामुळं सावलीची कड कधीच धारदार नसते. गडद सावली, मग फिकट, मग ऊन. भिंत जितकी उंच तितका हा फिकट पट्टा रुंद. तिथले जाणकार बारीक काडी धरून पट्ट्याचा मध्य शोधतात.

आपल्या काठीवर याचा अर्थ काय होतो पहा. चार फुटांची काठी घेतली, तर २३ सप्टेंबरला हिंगणघाटात दुपारची सावली दीड फूट, म्हणजे १८ इंच. त्याच दिवशी नागपुरात १८.६ इंच. फरक अर्ध्या इंचाच्या वर थोडा. आणि सावलीची फिकट कड असते तीच अर्ध्या इंचाची. म्हणजे काठीला हिंगणघाट आणि नागपूर वेगळं दिसते, पण जेमतेम. हिंगणघाट आणि वर्धा तर तिला एकच. जमिनीचा नकाशा करायचा, तर एवढ्यावर भागत नाही.

आपल्या गावातली कबर

इथं विल्यम लॅम्बटनचं नाव येते. इंग्रज फौजेतला अधिकारी. १० एप्रिल १८०२ रोजी त्यानं मद्रासला सेंट थॉमस माउंटजवळ जमिनीवर साडेसात मैलांची रेघ साखळीनं मोजायला घेतली. शंभर फुटी पोलादी साखळी, पेट्यांत ठेवून, ऊन लागून लांबू नये म्हणून जपत. मग त्या रेघेवरून त्रिकोण, त्रिकोणावर त्रिकोण, असे टेकडीवरून टेकडीवर उत्तरेकडं. कोन मोजायचं त्याचं यंत्र अर्ध्या टनाचं. विलायतेहून ते येत होतं तेव्हा जहाज फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेलं होतं, मग परत दिलं.

त्याला नुसता नकाशा करायचा नव्हता. पृथ्वीचा आकार नेमका कसा, एक अंश उत्तरेला गेलं की जमीन किती मैल जाते, हे शोधायचं होतं. त्यासाठी प्रत्येक मोठ्या ठाण्याचा अक्षांश काटेकोर पाहिजे. म्हणजे प्रश्न पलभेचाच. पण सूर्याची कड अंधुक म्हणून त्यानं रात्री डोक्यावरून जाणारे तारे धरले. तारा टिंबासारखा, त्याला फिकट कड नाही. उभ्या दुर्बिणीतून तारा डोक्याच्या नेमक्या जागेपासून किती सरकून जातो ते मोजायचं. काठीच्या सावलीतला कोनही तोच, डोक्यापासून सूर्य किती ढळला तो. रीत तीच, फक्त धार हजारपट चढवली.

वीस वर्षं हे काम करत तो दक्षिणेच्या टोकापासून विदर्भापर्यंत आला. हैदराबादहून नागपूरला मुक्काम हलवत असताना वाटेत, २० जानेवारी १८२३ रोजी, आपल्या हिंगणघाटात तो वारला. वय सत्तरीच्या घरात. त्याची कबर इथंच आहे. काम पुढं त्याचा साथीदार जॉर्ज एव्हरेस्ट यानं नेलं, ते हिमालयाच्या पायथ्यापर्यंत गेलं. जगातल्या सगळ्यात उंच शिखराला एव्हरेस्टचं नाव १८६५ साली मिळालं. लॅम्बटनच्या नावाचं शिखर कुणी ऐकलं नाही.

तो कंपनी सरकारचा माणूस होता. मोजलेली जमीन म्हणजे सारा वसुलीला सोपी जमीन, हे कास्तकाराला कुणी शिकवायला नको. साखळ्या ओढणारे, निशाणं धरून टेकडीवर ताटकळणारे, जंगलात तापानं मेलेले आपल्याच देशातले किती लोक होते, त्यांची तर नावंही राहिली नाहीत. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. आज आपला मोबाईल हिंगणघाटचा जो अक्षांश चार-पाच दशांशांपर्यंत दाखवतो, त्या आकड्याच्या वाटेवर हा माणूस चालला आणि आपल्या मातीत संपला. शाळेतल्या पोरांना ती कबर दाखवली पाहिजे, आणि दाखवताना मैदानात एक काठीही रोवली पाहिजे.

घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा

जुन्या काळी गावागणिक वेळ वेगळी. सूर्य आधी पूर्वेच्या गावात माथ्यावर येतो, मग पश्चिमेच्या. बैलबंडीच्या जगात चार मिनिटांनी कुणाचं अडत नव्हतं. आगगाडी आली आणि अडायला लागलं. रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालू लागली. ती वेळ आपल्या इकडच्या सूर्यापेक्षा फक्त सहा मिनिटं पुढं होती. १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशाला एक वेळ आली, ८२ अंश ३० मिनिटं रेखांशाची. मुंबईनं आपली वेगळी वेळ, ३९ मिनिटं मागची, १९५५ पर्यंत धरून ठेवली होती.

हिंगणघाटचा रेखांश ७८.८४. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्याकडं सरकारी घड्याळापेक्षा साधारण साडेचौदा मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. त्यात आणखी एक कमीजास्त आहे. पृथ्वी सूर्याभोवती अगदी गोल वाटेनं जात नाही, आणि तिचा आसही कललेला आहे. त्यामुळं सूर्य कधी घड्याळाच्या पुढं, कधी मागं. आपल्याकडं नोव्हेंबरच्या सुरुवातीला खरी दुपार ११ वाजून ५८ मिनिटांनी होते, आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून २९ मिनिटांनी. अर्ध्या तासाचा फरक. सूर्यघड्याळ "चुकते" असं म्हणणाऱ्यांनी हे दोन हिशेब मिळवून पाहावे, मिनिटाला मिनिट लागते.

आता प्लेटांकडं

सौर पंप चालतो तो सूर्याच्या बारावर. म्हणून वरचा सगळा इतिहास आता पाण्याच्या कामाचा.

पहिलं, तोंड. दक्षिण काठीनं काढा, वर सांगितल्याप्रमाणे. एक सकाळ-दुपार लागते.

दुसरं, चढ. प्लेट कायमची एका जागी बसवायची असेल तर गावच्या अक्षांशाएवढा चढ ही सर्वसाधारण रीत. आपल्याकडं बाराला साडेचार. पातळीची नळी, दोरी आणि टेप पुरते. चढ बदलता येणारा सांगाडा असेल तर हिवाळ्यात, हरभरा-गव्हाच्या ओलिताला, बाराला साडेआठ करा. होळीच्या सुमारास पुन्हा साडेचार. भर उन्हाळ्यात बाराला एक पुरे. हिवाळ्यात दिवस लहान, सूर्य खाली आणि पाण्याची गरज मोठी, तेव्हा हा फरक डिलिव्हरीच्या पाण्यात दिसतो. नटबोल्टला हात लावण्याआधी बसवणाऱ्याला विचारून घ्या, वाऱ्याचा जोरही सांभाळावा लागते.

तिसरं, झाड. प्लेटांची जागा बऱ्याचदा उन्हाळ्यात पाहिली जाते, तेव्हा धुऱ्यावरच्या निंबाची सावली बुडाशीच असते. डिसेंबरात भर दुपारी तीच सावली झाडाच्या उंचीएवढी उत्तरेला पसरते, आणि सकाळी नऊ वाजता उंचीच्या दुपटीहून जास्त लांब, वायव्येकडं. वीस फुटी झाडापासून उत्तरेला वीस फुटांच्या आत प्लेट आली, तर हिवाळाभर दुपारचं ऊन गेलं. झाड तोडायचं काम नाही, जागा हलवा.

आणि ज्यांना आपल्या गावची पलभा स्वतः पाहायची आहे त्यांनी चार फुटांची सरळ काठी ओळंब्यानं उभी रोवा. २३ सप्टेंबरला आपल्याकडं खरी दुपार १२ वाजून ७ मिनिटांनी आहे. त्या दिवशी ढग असले तर २१ मार्चला १२ वाजून २२ मिनिटांनी. एक दिवस इकडंतिकडं झाला तरी चालते. फिकट कडेच्या मधोमध खूण करा आणि इंचांत मोजा. जितके इंच येतील त्याला चारानं भागा, ती तुमच्या गावची पलभा अंगुळांत. हिंगणघाटला १८ इंच यायला पाहिजे. समुद्रपूर, वर्धा, आर्वी, वणी, उमरेड, जे कुणी मोजतील त्यांनी गावाच्या नावासकट आकडा खाली लिहा. सगळ्यांचे आकडे एकत्र करून इथंच टाकतो.